संध्याकाळी टाइप होतं, सकाळी होत नाही

ऋचाने फाइल माझ्या टेबलावर ठेवली, पण ती बसली नाही.

"मॅडम, ही आत्ता बघा. आणि एकट्याने बघा," ती म्हणाली.

बाहेर ओपीडीत बारा-तेरा माणसं बसलेली होती. मी म्हटलं, दुपारी बघते. ती म्हणाली, नको, मी बाहेर दहा मिनिटं थांबायला सांगते. ऋचा आमच्याकडे रिसर्च को-ऑर्डिनेटर आहे. हिंजवडीतली चांगली नोकरी सोडून इकडे आली. आवाज न चढवता काम करणारी मुलगी. मला ती असा हुकूम कधी देत नाही. मी फाइल उघडली. तिने जाताना दार ओढून घेतलं.

आधी मी काय काम करते ते सांगते. मी संधिवाततज्ज्ञ आहे. आपल्याकडे सांधा दुखला की त्याला सरसकट 'वात' म्हणतात. पण गुडघा झिजणं वेगळं आणि माझ्याकडचे आजार वेगळे. शरीरात बाहेरच्या जंतूंशी लढणारी एक यंत्रणा असते. ती कधीकधी चुकते आणि आपल्याच सांध्यांवर चाल करून जाते. सांधे आतून सुजतात, आणि सूज अंगात राहिली तर हाड कुरतडलं जातं. यातला सगळ्यात जास्त दिसणारा आजार म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. बायकांमध्ये जास्त. बहुतेक वेळा सुरुवात हातांच्या बोटांपासून.

या आजाराची औषधं आता चांगली आहेत. अडचण औषधांची नाही, वेळेची आहे. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर हात वाचतात. वर्षं गेली तर दुखणं थांबवता येतं, वाकडं झालेलं बोट सरळ करता येत नाही. म्हणून सध्या जगभर संशोधक एकाच प्रश्नामागे आहेत, की रुग्ण योग्य औषधापर्यंत पोचायला इतका उशीर का होतो. आमच्या रुग्णालयातही तोच अभ्यास चालू होता. मी त्याची प्रमुख होते.

पद्धत साधी होती. रुग्णाने घरातले सगळे जुने कागद आणायचे. ऋचा त्यांच्याबरोबर बसायची आणि लांब कागदावर एक रेघ ओढायची. डाव्या टोकाला पहिलं दुखणं, उजव्या टोकाला आमचं पहिलं औषध. मधे कोणकोणते डॉक्टर भेटले, ते काय म्हणाले, ते लिहायचं. डॉक्टरांची नावं लिहायची नाहीत, फक्त नंबर. डॉक्टर एक, डॉक्टर दोन. कुणाला दोष द्यायचा नाही, उशीर कुठे होतो ते शोधायचंय, हा नियम मीच केला होता. खरं सांगायचं तर माझा अंदाज आधीच ठरलेला होता. लोक तेल चोळत बसतात, शेजारीण सांगेल ते घेतात आणि आमच्याकडे उशिरा येतात, असं मला वाटत होतं. अभ्यासाचा निष्कर्ष मी मनात लिहून ठेवला होता.

फाइल विशाखाताईंची होती. हे त्यांचं खरं नाव नाही. लिहायची परवानगी त्यांनी दिली, नाव मात्र स्वतः निवडून दिलं. वय त्रेचाळीस. राहायला धायरीला. एका सरकारी कार्यालयात शिपाई. दोन वर्षांपासून माझ्याकडे उपचार घेत होत्या, औषधाला चांगला प्रतिसाद होता. उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकलेली, डाव्या मनगटाची हालचाल निम्मी. मी त्यांना चांगली ओळखते, असं मला वाटत होतं.

ऋचाची रेघ पंधरा वर्षं लांब होती. अकरा डॉक्टर. धायरीतल्या ज्या तरुण डॉक्टरने त्यांचा हात दाबून पाहिला आणि चिठ्ठी देऊन आमच्याकडे पाठवलं, तो अकरावा.

चौथ्या डॉक्टरपाशी ऋचाने पेन्सिलीने एक बारीक खूण केली होती. तिथे एक जुना केस पेपर आणि त्याला टाचलेलं एक पत्र होतं. केस पेपर एका सरकारी रुग्णालयाचा, मेडिसिन ओपीडीचा. पत्र त्यांच्या कार्यालयाला लिहिलेला वैद्यकीय अभिप्राय होता. तीनच ओळी. सदर कर्मचारी यांची तपासणी केली. सांध्यांचा कोणताही विकार आढळून आला नाही. त्या टंकलेखनाचे काम करण्यास सक्षम आहेत.

खाली सही. सहीखाली शिक्का. शिक्क्यात डॉक्टरचा नोंदणी क्रमांक.

ऋचा दर आठवड्याला अभ्यासाच्या कागदांवर माझा नोंदणी क्रमांक लिहिते. तिला तो पाठ आहे.

डॉक्टर नंबर चार मी होते.

मला पहिल्यांदा काय वाटलं हे प्रामाणिकपणे सांगते. वाटलं, शिक्का कुणीतरी वापरला असेल. मग मी अक्षर पाहिलं. अक्षर माझंच होतं. मी तेव्हा त्या रुग्णालयात लेक्चरर होते, संधिवाताचं पुढचं शिक्षण व्हायचं होतं. आठवड्यातून तीन दिवस ओपीडी. एका सकाळी शंभराच्या वर माणसं व्हायची. मी डोळे मिटून सव्वीस वर्षांच्या विशाखाताई आठवायचा प्रयत्न केला. काही आठवलं नाही. चेहरा नाही, कपडे नाहीत, एक वाक्यही नाही. एका माणसाच्या आयुष्यात मी इतकं मोठं काही करून ठेवलं होतं आणि माझ्याकडे त्याची आठवणसुद्धा नव्हती.

मग मी केस पेपर वाचला. धक्का खरा तिथे बसला.

मला वाटलं होतं, मी लक्षणं विचारलीच नसतील. तर तसं नव्हतं. मी सगळं विचारलं होतं. दोन्ही हातांची बोटं दुखतात, चार महिने. सकाळी दहापर्यंत बोटं ताठ असतात, मूठ वळत नाही. ईएसआर, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी, थोडी वाढलेली. आणि पुढची ओळ: संध्याकाळी टायपिंग ठीक, सकाळी जमत नाही. या ओळीखाली मी रेघ मारली होती आणि समोर इंग्रजीत एकच शब्द लिहिला होता. इनकन्सिस्टंट. म्हणजे हिच्या बोलण्यात मेळ नाही.

ज्यांना हा विषय माहीत नाही त्यांच्यासाठी थांबते. झिजलेला सांधा कामाने दुखतो आणि विश्रांतीने बरा वाटतो. सुजलेल्या सांध्याचं उलट असतं. रात्रभर हात पडून राहिला की सकाळी तो लाकडासारखा होतो, आणि जसजसं काम करू तसतसा सुटतो. सकाळी बोटं न वळणारी आणि संध्याकाळी वळणारी बाई खोटं बोलत नसते. ती रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं पाठ्यपुस्तकातलं वर्णन सांगत असते. मी आज विद्यार्थ्यांना शिकवते तेव्हा पहिल्या तासाला हेच सांगते. सतरा वर्षांपूर्वी एका रुग्णाने तेच मला सांगितलं, मी ते लिहून घेतलं, आणि त्याच वाक्यावरून तिला खोटं ठरवलं.

खाली लिहिलं होतं, आरए फॅक्टर निगेटिव्ह. आरए फॅक्टर ही रक्ताची तपासणी. ती पॉझिटिव्ह आली तर निदानाला मदत होते. निगेटिव्ह आली तर आजार नाही असं मुळीच नाही. कितीतरी रुग्णांत ती निगेटिव्ह असते, सुरुवातीला तर जास्तच. अँटी-सीसीपी नावाची दुसरी तपासणी आता सहज होते. विशाखाताईंची आम्ही केली तेव्हा ती चांगलीच पॉझिटिव्ह आली. तेव्हा आमच्या ओपीडीत ती होत नव्हती, असं म्हणून मी सुटू शकले असते. पण या आजारात पहिली तपासणी रक्ताची नसतेच. रुग्णाचा हात हातात घ्यायचा आणि बोटांच्या मुळाशी, जिथे मूठ वळल्यावर उंचवटे दिसतात तिथे, आडवा हलका दाबायचा. माणूस कळवळला तर आत सूज आहे. दोन मिनिटांचं काम.

मी केस पेपर उलटसुलट करून पाहिला. हात तपासल्याची नोंद कुठेच नव्हती.

दहा मिनिटं झाली होती. मी बाहेर जाऊन ओपीडी संपवली. बारा-तेरा रुग्ण पाहिले. प्रत्येकाचा हात गरजेपेक्षा जास्त वेळ धरला. एका आजोबांनी विचारलंसुद्धा, मॅडम, काही वेगळं आहे का.

दुपारी ऋचाला बोलावलं आणि मुलाखतीत काय काय आलं ते विचारलं. तिने सांगितलेलं असं.

विशाखाताईंचे वडील त्याच कार्यालयात लिपिक होते. नोकरीत असतानाच वारले. घरात आई आणि धाकटा भाऊ. विशाखाताई बी.ए. होत्या. त्यांना वडिलांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर लिपिक-टंकलेखक म्हणून घेतलं. अट होती, की ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायचं. स्वारगेटजवळच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये त्या ऑफिस सुटल्यावर जायच्या. तेव्हा जुने लोखंडी टाइपरायटर होते, एकेक अक्षर बोटाने ठोकावं लागायचं. संध्याकाळी त्यांचा स्पीड उत्तम यायचा. परीक्षेची बॅच मात्र सकाळी. पहिल्या वेळी त्या निम्म्यातच थांबल्या. दुसऱ्या वेळी थोडक्यात नापास झाल्या. मुदत संपत आली तेव्हा त्यांनी कार्यालयाला अर्ज केला, की हाताच्या आजारामुळे मुदत वाढवून मिळावी. कार्यालयाने त्यांना वैद्यकीय अभिप्रायासाठी सरकारी रुग्णालयात पाठवलं. तिथे मी बसले होते.

माझा अभिप्राय गेल्यावर मुदतवाढ नाकारली गेली. त्यांना लिपिक पदावरून काढलं आणि शिपाई म्हणून घेतलं. वडील ज्या खोलीत टेबलावर बसायचे त्याच खोलीत त्या पंधरा-सोळा वर्षं पाण्याचे ग्लास ठेवत होत्या आणि फायलींचे गठ्ठे उचलत होत्या. सुजलेल्या मनगटांनी.

"आणखी एक आहे," ऋचा म्हणाली. "पाच ते दहा नंबरचे डॉक्टर."

त्यातल्या प्रत्येकाकडे जाताना विशाखाताईंनी माझा कागद नेला होता. मोठ्या रुग्णालयाचा कागद म्हणून. आणि त्यातल्या चौघांनी तो वाचून लिहिलं होतं, वात नाही असं आधीच सिद्ध झालंय. मग कुणी कॅल्शियम दिलं, कुणी दुखणं थांबवायच्या गोळ्या, एकाने मन रमवायला सांगितलं. मी एकदाच चुकले नव्हते. माझी चूक त्यांच्याबरोबर धायरीपासून पुण्यातल्या दवाखान्यादवाखान्यांत फिरली होती.

दुसऱ्या दिवशी मी राजवाडे सरांकडे गेले. ते आमच्या संशोधन विभागाचे प्रमुख. मला सीनियर, मोजकं बोलणारे. सगळे कागद त्यांनी शांतपणे वाचले. चष्मा काढून ठेवला.

"ही केस अभ्यासातून काढा," ते म्हणाले.

"का?"

"प्रमुख संशोधकच उशिराला कारणीभूत आहे. हितसंबंध आड येतो. एक केस गेल्याने निष्कर्ष बदलत नाही."

मी म्हटलं, निष्कर्ष बदलत नाही हे आपल्याला आत्ता कसं कळलं. माझा अंदाज होता की उशीर घरात होतो. ही पहिली रेघ आहे जी मी शेवटपर्यंत वाचली, आणि यात पंधरापैकी चौदा वर्षं डॉक्टरांच्या खोलीत गेली आहेत. बाकीच्या रेघा मी वरवर पाहिल्या आहेत.

त्यावर त्यांनी ती गोष्ट सांगितली जी एका चांगल्या वरिष्ठाने सांगायलाच हवी. हे कागदावर आलं तर तक्रार होऊ शकते. वैद्यकीय परिषदेपर्यंत जाऊ शकते. निवृत्तीला चार वर्षं राहिलेली असताना हे अंगावर घ्यायचं का, याचा विचार करा. धमकी नव्हती. काळजीच होती. मला त्या रात्री झोप लागली नाही आणि त्याचं कारण पश्चात्ताप एवढंच नव्हतं, भीतीही होती. हे लपवण्यात अर्थ नाही.

नियमाप्रमाणे वाट एकच होती. नीतिमत्ता समितीला कळवायचं. रुग्णांवर अभ्यास होतो तिथे रुग्णाच्या बाजूने लक्ष ठेवणारी ही समिती असते. मी दोन पानांचं पत्र दिलं. पण त्याआधी विशाखाताईंना सांगणं भाग होतं. समितीला आधी आणि त्यांना नंतर कळणं मला पटेना.

शनिवारी त्यांना सुट्टी असते. मी त्यांना त्या दिवशी बोलावलं. ओपीडी बंद होती. समुपदेशनाच्या खोलीत आम्ही दोघीच बसलो. मी मनात बरंच काही ठरवून आले होते. सुरुवात कशी करायची, कुठे थांबायचं. त्यातलं काहीच झालं नाही. मी तो कागद त्यांच्यासमोर ठेवला.

"हा मी लिहिलाय," मी म्हटलं.

"हो," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, की तेव्हा त्या रुग्णालयात मीच होते, तुम्हाला मीच तपासलं होतं.

"तपासलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही रिपोर्ट बघितला होता. माहीत आहे मला, तुम्हीच होतात. दोन वर्षांपूर्वी तुमच्या केबिनमध्ये आले तेव्हाच ओळखलं. केस पांढरे झालेत तुमचे. आवाज तोच आहे."

या सगळ्या प्रकरणात मी सगळ्यात जास्त हादरले ती या वाक्याने. दोन वर्षं ही बाई माझ्यासमोर बसत होती. मी तिला वेळेवर औषध घ्या म्हणून सांगत होते. एकदा तर मी तिला रागावले होते, की इतकी वर्षं अंगावर कसं काढलंत. हो, अगदी हेच शब्द. ती ऐकून घेत होती.

मी विचारलं, तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत.

"तेव्हा औषध सुरू व्हायचं होतं," त्या म्हणाल्या. "मी बोलले असते तर तुम्ही अवघडला असतात. मला अवघडलेला डॉक्टर नको होता. औषध हवं होतं."

मग आत्ता हा कागद का दिलात, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, ऋचाने सगळे कागद मागितले होते. मी सरकारी नोकरीत आहे. सगळे म्हणजे सगळे. त्यातून एखादा गाळायची मला सवय नाही.

मी माफी मागितली. ती कशी मागितली ते इथे लिहीत नाही. नीट मागता आली नाही एवढं सांगते. त्यांनी ती ऐकून घेतली, मान हलवली, आणि पर्समधून घडी केलेला एक कागद काढला. त्यांच्या सेवा-नोंदीतल्या एका पानाची प्रत होती. तेव्हाच्या अधिकाऱ्याने लिहिलेला शेरा. वैद्यकीय अभिप्राय पाहता कर्मचारी आजाराचे निमित्त करून काम टाळत असल्याचे दिसते.

"आई गेली तेव्हा तिला हेच वाटत होतं," त्या म्हणाल्या. "की मी मनापासून प्रयत्न केला नाही. बाबांची जागा घालवली. ती मला कधी बोलली नाही, पण तिला तसंच वाटत होतं."

मग त्यांनी तो कागद माझ्या बाजूला सरकवला.

"माफी ठीक आहे, मॅडम. पण माफी फायलीत लागत नाही. तुम्ही लिहून द्या. जसं तेव्हा दिलं होतंत, तसंच. सही, शिक्का."

मी लिहून दिलं. सोपं नव्हतं. तीन मसुदे झाले. पहिल्या दोनांत 'तत्कालीन मर्यादा' आणि 'उपलब्ध साधने' असे शब्द होते. ऋचाने वाचून विचारलं, मॅडम, हात दाबून बघायला कोणतं साधन लागतं. तिसऱ्या मसुद्यात मी सरळ लिहिलं. या रुग्णाला त्या वेळी रुमॅटॉइड आर्थ्रायटिस होता. तिने सांगितलेली लक्षणं या आजाराची होती. सकाळी टायपिंग न येणं आणि संध्याकाळी येणं हे आजाराचं लक्षण आहे, कामचुकारपणाचं नाही. मी हातांची तपासणी केली नव्हती. माझा तेव्हाचा अभिप्राय चुकीचा होता आणि तो मी मागे घेते.

हे पत्र टपालाने पाठवायचं नाही असं मी ठरवलं. विशाखाताईंच्या कार्यालयात स्वतः गेले. आस्थापना शाखेचे अधिकारी, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-बढत्या पाहणारे, पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"सतरा वर्षांनी डॉक्टर स्वतःहून अभिप्राय मागे घ्यायला आल्याचं मी पहिल्यांदा पाहतोय," ते म्हणाले. "यासाठी आमच्याकडे नमुना नाही."

मी म्हटलं, आमच्याकडेही नाही.

ते हसले नाहीत. पण बेल दाबून त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला. चहा घेऊन आल्या त्या विशाखाताई. त्यांनी दोन कप ठेवले, उजव्या हाताने नाही, दोन्ही तळव्यांच्या मधे धरून. अधिकाऱ्यांनी ते पाहिलं. मला वाटतं त्यांनी ते रोज पाहिलं असणार, त्या दिवशी कळलं. त्यांनी विशाखाताईंना थांबायला सांगितलं आणि समोरची खुर्ची दाखवली. त्या बसायला तयार नव्हत्या. दुसऱ्यांदा सांगितल्यावर बसल्या, अगदी कडेला.

पत्राला आवक क्रमांक पडला. त्यानंतर आठ महिने काही कळलं नाही. मी दर महिन्याला फोन करत होते. फाइल वर गेली आहे, खाली आली आहे, शेरा आहे, शेऱ्याला उत्तर आहे. आठ महिन्यांनी लेखी उत्तर आलं. जुना शेरा रद्द. सेवाज्येष्ठता देता येणार नाही, कारण तसा नियम नाही. मात्र हातांच्या अपंगत्वाचं प्रमाणपत्र सादर केल्यास टायपिंगच्या अटीतून सूट देऊन लिपिक पदासाठी विचार करता येईल. त्या प्रमाणपत्रासाठी पुन्हा रांग, अपंगत्व ठरवणारं डॉक्टरांचं बोर्ड, धायरीहून दोन बस बदलून चार खेपा. एका खेपेला बोर्डावरच्या डॉक्टरने आरए फॅक्टरचा रिपोर्ट मागितला. तो निगेटिव्ह पाहून तो म्हणाला, मग तुम्हाला संधिवात कसा. विशाखाताईंनी मला फोन लावून त्याच्या हातात दिला. मी काय बोलले ते छापण्यासारखं नाही.

गेल्या वर्षी त्या लिपिक झाल्या. आवक-जावकचं टेबल मिळालं. निवृत्तीला चौदा वर्षं आहेत. गेलेली सोळा परत आली नाहीत आणि वाकलेली दोन बोटं सरळ झाली नाहीत. त्यांनी माझ्याविरुद्ध तक्रार केली नाही. का नाही, हे मी विचारलं नाही.

समितीने केस अभ्यासात ठेवली. मला मात्र निष्कर्ष काढण्याच्या कामातून बाजूला केलं, ते योग्यच होतं. ते काम राजवाडे सरांनी हाती घेतलं. ऋचाच्या फॉर्ममध्ये एक नवा प्रश्न वाढवला: या डॉक्टरने तुमचे हात हातात घेऊन तपासले का? मग जुन्या सगळ्या रुग्णांना फोन करून तो विचारला. अभ्यास छापून येईपर्यंत आकडे सांगता येत नाहीत. एवढंच सांगते, की उत्तरांचं पान पाहून राजवाडे सरांनी ऋचाला विचारलं, 'हो' आणि 'नाही'चे रकाने उलटे तर झाले नाहीत ना. झाले नव्हते.

एक गोष्ट राहिली. मी त्या सरकारी रुग्णालयात तीन वर्षं ओपीडी केली. विशाखाताईंसारख्या आणखी किती जणींना मी परत पाठवलं असेल, हे शोधायला मी तिथल्या रेकॉर्ड विभागात गेले. तिथल्या बाईंनी सांगितलं, इतके जुने केस पेपर नियमाप्रमाणे नष्ट होतात. विशाखाताईंचा सापडला, कारण त्यांनी स्वतःची प्रत जपून ठेवली होती. बाकीच्यांचं मला आता कधीच कळणार नाही. तज्ज्ञ म्हणून माझी जी काही ओळख आहे तिच्याखाली हे न मोजलेलं असंच राहणार आहे.

आता माझ्या ओपीडीत विद्यार्थ्यांसाठी एक नियम आहे. रुग्णाचे हात पाहून होईपर्यंत रिपोर्टचं पाकीट उघडायचं नाही. त्यांना तो आवडत नाही, वेळ जातो म्हणतात. मागच्या महिन्यात एक हुशार विद्यार्थी एका रुग्णाबद्दल मला म्हणाला, मॅडम, या बाईंच्या बोलण्यात मेळ नाही. मी त्याला पुन्हा आत पाठवलं. रुग्णाची गोष्ट जुळत नसेल तर डॉक्टरने आधी आपला अभ्यास तपासावा. रुग्णाची नियत तपासायला ऑफिसात माणसं नेमलेली असतात.